सीएनजीला पीयूसी लागत नाही, हे कोणी सांगितलं?

‘पर्यायी इंधनावरच्या गाड्यांना हवा प्रदूषणाचा कायदा लागूच होत नाही, पोलिसांनी अडवलं तर हा मेसेज दाखवा’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. सीएनजी, एलपीजी, इथेनॉल, इलेक्ट्रिक, सगळ्यांना एकाच माळेत ओवलंय. माझ्या मेहुण्याने तो वाचून सीएनजी रिक्षाची पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) संपली तरी नवी काढली नाही. म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा म्हणे, १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात सीएनजीचं नावच नाही. नाव लागतंच कशाला? कलम २ मधल्या व्याख्येत अंतर्ज्वलन इंजिनावर किंवा इंधन जाळून मिळणाऱ्या शक्तीवर चालणारं कुठलंही वाहन येतं. सीएनजी जळतो, एलपीजी जळतो, इथेनॉलही जळतं. बॅटरीत काही जळत नाही, म्हणून इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी नाही. मेसेजमधलं तेवढं खरं, मान्य.

‘सीएनजी स्वच्छ, मग तपासायचं काय?’ काळा धूर दिसत नाही, बरोबर. पण कार्बन मोनॉक्साइड कुणाला दिसतो? त्याला वासही नसतो. ट्यूनिंग बिघडलं की सीएनजीच्या इंजिनातूनही तो बाहेर पडतो, शिवाय न जळलेला वायू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ वाचा. सीएनजी गाडीचा मशीनवर आलेला हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा, आकडा ०.३ ने गुणायचा, असं त्यात दिलंय, कारण त्यातला बराचसा भाग मिथेन असतो आणि तो मोजणीत धरत नाहीत. एलपीजीसाठी ०.५. ज्या गाड्यांना नियमच लागू नाही, त्यांच्यासाठी हे गुणक कोण ठरवत बसेल?

मेसेजमध्ये २०१८ च्या ‘सुटी’चाही दाखला आहे, पण ती सूट परमिटची होती, पीयूसीची नव्हे. ती बॅटरी, इथेनॉल आणि मिथेनॉलवरच्या वाहतुकीच्या गाड्यांना मिळाली. सीएनजी त्यात नाही. आणि पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, तिथे फॉरवर्ड दाखवून काही होत नाही.

सगळ्यात संताप येतो तो शेवटच्या ओळीचा: ‘किट कुठूनही बसवा, आरसीवर नोंद करायची गरज नाही.’ किट म्हणजे पेट्रोलची गाडी सीएनजीवर चालवण्यासाठी बसवायचा संच, आणि आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी पुस्तक. हे लिहिणाऱ्याला काही वाटलं कसं नाही? भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार (वातावरणाच्या सुमारे २०० पट) दाब असतो आणि हा सिलिंडर मागच्या सीटला लागून, डिकीत बसवतात. त्या सीटवर मुलं बसतात! म्हणूनच सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते. किट मंजूर झालेलंच हवं, ते अधिकृत ठिकाणीच बसवायचं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर इंधनाचा बदल चढवून घ्यायचा. परस्पर बदल केलात तर कलम १८२-अ आहे: दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ती शिक्षा मेसेज पाठवणाऱ्याला नाही, गाडीच्या मालकाला होते.