मॅक अ‍ॅड्रेसवरून चोर सापडत नसतो, मावशी

‘लॅपटॉप चोरीला गेला? घाबरू नका!’ असं सुरू होणारा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लॅपटॉपवर ‘गेटमॅक’ ही कमांड टाका, बारा अक्षरं-आकड्यांचा नंबर येईल, तो लिहून ठेवा. चोरी झाली तर तो पोलिसांच्या ईमेलवर पाठवा. चोराने इंटरनेट सुरू केलं रे केलं की सॅटेलाइटवरून २४ तासांत पत्ता लागतो, एफआयआरच्या भानगडीत पडायचं कारण नाही. शिवाय फुकटच्या टिपा: बाहेरगावी जाताना लॅपटॉप पिठाच्या डब्यात लपवा, विंडोजला पासवर्ड घाला म्हणजे माहिती सुरक्षित.

माझ्या मावशीने हे मनावर घेतलं. नंबर कागदावर लिहिला, ‘सगळं एका जागी असलेलं बरं’ म्हणून शेजारी पासवर्डही लिहिला, आणि तो कागद लॅपटॉपच्याच पोटाला सेलोटेपने चिकटवला. चोराची किती ती सोय! वर मलाच फॉरवर्ड: ‘तूपण करून ठेव गं.’

तर आधी तो नंबर. त्याला म्हणतात मॅक अ‍ॅड्रेस, आणि तो लॅपटॉपचा नसतोच, आतल्या नेटवर्क कार्डाचा असतो. वाय-फायचा वेगळा, लॅन केबलच्या जोडणीचा वेगळा. तो लागतो फक्त घरातल्या घरात, लॅपटॉप आणि राउटर यांच्यात. राउटरच्या पुढे जाताना तो मागेच राहतो. पुढच्या प्रवासात इंटरनेट कंपनीला राउटर दिसतो, मावशीचा लॅपटॉप नाही. आरक्षणाच्या सीट नंबरसारखं आहे हे: डब्यात टीसीच्या कामाचा, स्टेशनाबाहेर तो सांगून कुणी तुम्हाला शोधणार नाही. सॅटेलाइटचा तर यात काडीचा संबंध नाही. शिवाय हा नंबर बदलता येतो. विंडोजमध्येच प्रत्येक वाय-फायला वेगळा नंबर दाखवण्याची सेटिंग आहे. चोराला तेवढेही कष्ट नकोत, तो डिस्क पुसून विकून मोकळा होतो.

ही थाप आली कुठून तेही कळतं. मोबाइलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी टेलिकॉम कंपनीच्या अमुक ईमेलवर पाठवा, हा फॉरवर्ड आठवतो? तोच लॅपटॉपचे कपडे घालून आलाय. व्हीएसएनएल २००२ मध्ये टाटांकडे गेली, २००८ मध्ये तिचं नावही टाटा कम्युनिकेशन्स झालं, फॉरवर्डला मात्र मरण नाही. मोबाइलसाठी निदान आता खरी सोय आहे: दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर (मे २०२३ पासून) चोरीला गेलेल्या फोनचा आयएमईआय ब्लॉक करता येतो. पण सिमकार्ड न बसणाऱ्या लॅपटॉपला आयएमईआय नसतोच, म्हणजे ती वाटही बंद.

मला खरा राग आहे तो ‘एफआयआरची गरज नाही’ या वाक्याचा. घरातून झालेली चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खालचा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कुठलीही असो, पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. हे छापून जवळ ठेवा, ठाण्यात ‘उद्या या’ म्हणाले तर उपयोगी पडेल. आणि पोलिसांच्या वेबसाइटवरची ‘लॉस्ट अँड फाउंड’ची पावती म्हणजे एफआयआर नव्हे. ती गहाळ वस्तूंसाठी आहे. घराचा विमा असेल तर कंपनी चोरीसाठी एफआयआरच मागणार.

नंबर लिहून ठेवा, एवढं त्या मेसेजमधलं बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. फक्त नंबर चुकीचा. हवा तो सिरियल नंबर: बिलावर, खोक्यावर, लॅपटॉपच्या खाली छापलेला. उद्या चोरांकडून दहा लॅपटॉप जप्त झाले तर मुद्देमालातला आपला ओळखायला तोच कामाला येतो. बिलाचा फोटो फोनमध्ये असू द्या. लॅपटॉपमध्ये नको!

पिठाच्या डब्याबद्दल काय बोलायचं. पंख्याच्या जाळीतून पीठ आत गेलं की चोराआधी दुरुस्तीवालाच पैसे घेऊन जाईल.

विंडोजच्या पासवर्डने फक्त समोरचं दार बंद होतं. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फोटो, आधारची स्कॅन कॉपी, बँकेची स्टेटमेंट, सगळं उघडं. डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद: विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, होममध्ये बऱ्याच नव्या मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, मॅकबुकला फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा राखीव कोड) लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, हे मावशीमुळे मुद्दाम सांगावं लागतंय.

ठिकाण शोधायची खरी सोय आहे, ती चोरीच्या आधी चालू करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावर लिहिलंय की ‘फाइंड माय डिव्हाइस’साठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन हवं, लोकेशन चालू हवं, आणि तुम्ही शोधायला लागलात की समोर बसलेल्याला स्क्रीनवर सूचना दिसते. म्हणजे चोरालाही. तरी तिथून लॅपटॉप लांबून लॉक करता येतो. आणि ठिकाण सापडलंच तर ते तपास अधिकाऱ्याला द्या, स्वतः दार ठोठवायला जाऊ नका.

आणि दाराची कडी. पुण्यात मुलं भाड्याने राहतात त्या भागांतल्या बातम्या वाचा: पहाटे दार नुसतं लोटलेलं, चार्जिंगला लावलेले मोबाइल-लॅपटॉप उचलून चोर पसार. कुलूप तोडायची वेळच येत नाही. तळमजल्यावर खिडकीशी टेबल असेल तर तेही हलवा, आजकालचे पातळ लॅपटॉप गजांमधून आडवे आरामात निघतात.