गुपित पुरावे कसे?

घराण्याचे एखादे गुपित दोन-तीन पिढ्या टिकवायचे असेल, तर आपण पुण्या-मुंबईचा नाद सोडावा आणि तालुक्याचे गाव गाठावे. शहरात शेजारच्या सदनिकेत कोण राहते हेच कोणाला ठाऊक नसते, आणि ज्याची कोणी चौकशीच करत नाही ते लपवण्यात कसली आली कर्तबगारी? आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्याचे आडनाव ज्या गावात एस.टी. स्टँडवरच्या पानवाल्याला आपल्या आधी कळते, तेथे साठ वर्षे एखादी गोष्ट दडवून ठेवायला कसब लागते. विलायतेत या कसबावर रहस्यकथांचा एक स्वतंत्र प्रकारच पोसला गेला आहे: टुमदार खेडे, रक्ताचा थेंबही न दिसणारा गुन्हा आणि पोलिसांच्या आधी सारे ताडणारी एखादी वृद्ध बाई. आपल्याकडची गावे तितकी टुमदार नाहीत आणि घरातल्या गुन्ह्याला गुन्हा म्हणण्याची पद्धतही नाही. पण वृद्ध बाईची उणीव नाही, आणि ती यथावकाश येणारच आहे.

गुपित प्रत्यक्ष जमिनीत पुरण्याचा मोह मात्र आवरावा. माजघरात खड्डा खणून त्यात हंडा ठेवण्याची रीत वाडवडिलांनी पाळली हे खरे, परंतु इंग्रजांनी १८७८ साली केलेला निखात निधी अधिनियम अजून आपल्या मानगुटीवर बसलेला आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू कोणालाही सापडली, तर तिची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे तो सांगतो. (दहा रुपयांत आज हंड्याचे झाकणही येत नाही, पण मर्यादा तीच आहे.) त्याहून वाईट असे की, तो ऐवज कोणी पुरला आणि कोणत्या परिस्थितीत पुरला, याचीही शक्य तितकी चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. म्हणजे जो प्रश्न आपल्या घरात आजीनेही आजोबांना कधी विचारला नाही, तो सरकार विचारणार. शिवाय हंड्याची नुसती कुणकुण लागली, तरी अमावास्येच्या रात्री लिंबू-नारळ घेऊन मांत्रिक दारात उभे राहतात, आणि गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा असल्यामुळे गुपिताबरोबर आपलीही पोलीस ठाण्यात नोंद होते.

गुपित पुरण्याची खरी जागा म्हणजे महसुली दप्तर. तेथे ते उघड्यावर असते आणि कोणाला दिसत नाही. भावांच्या सामाईक जमिनीवर थोरल्याचे एकट्याचे नाव लावावे आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे घालावीत. एकत्र कुटुंब मॅनेजर या पदवीचे हे लघुरूप असून, त्याच्या आड धाकटे दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि नातवंडे आरामात मावतात. पुढे कधीतरी नक्कल करताना कारकुनाच्या हातून ती अक्षरे गळतात. ती कशी गळली हे गावात कोणी विचारत नाही. आपणही विचारू नये.

बहिणीसाठी याहून सुबक सोय आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ साली आला आणि वडिलांच्या पश्चात मुलगीही पहिल्या वर्गातली वारस ठरली. पण कायदा दिल्लीहून निघून चावडीपर्यंत पोहोचेतो भावांनी त्याच्यासाठी सातबाऱ्यावर एक ओसरी बांधून ठेवली होती. मालकीच्या रकान्यात मुलगे, आणि मुली शेजारच्या 'इतर हक्क' या रकान्यात, जेथे विहिरीचे पाणी, सोसायटीचा बोजा आणि पायवाट यांचीही नोंद असते. बोजा फिटला की तो कमी करतात. त्याच न्यायाने बहिणीचे नावही कमी करता येते. फक्त तिने हक्कसोडपत्र करून द्यावे लागते.

येथे आपण १९६८ साली आहोत असे समजू. आजोबा वारले आहेत, दोन मुलगे आहेत आणि एक मुलगी, म्हणजे आपली आत्या, शंभर कोसांवर नांदते आहे. तिला कशाला एवढ्या लांबून बोलवायचे, आल्यावर साडी-चोळी करावी लागते, जावयाचा मान करावा लागतो, असा काटकसरीचा विचार कोणीतरी केला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पदर पुढे ओढलेली एक बाई हजर झाली. लिहून देणार हीच बाई आहे आणि तिला आम्ही जातीने ओळखतो, असे दोन ओळखदारांनी सांगितले. दोघेही प्रतिष्ठित होते; पैकी एकाचे नाव आज बाजारपेठेतल्या रस्त्याला आहे. बाईने अंगठा केला. मग ते पत्र तलाठ्याकडे गेले, फेरफार पडला, त्याची प्रत चावडीवर लागली. चावडीच्या भिंतीवर ती खळ लावून अशा उंचीवर डकवली होती की वाचणाऱ्याने खाली बसलेल्या म्हशीच्या पाठीवर पाय द्यावा. मुदत संपली, आणि फेरफार नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात सर्कल साहेबांनी तांबड्या शाईने लिहिले: संबंधितांना नोटीस बजावली, हरकत नाही, नोंद मंजूर.

ते पान आपण कधी जवळून पाहिले नसेल तर पाहू नये. पाहिलेच, तर इतके दिसेल की अंगठ्याचा ठसा रुंद आहे, मधल्या रेषा झिजलेल्या आहेत आणि एका बाजूने आडवा जुना व्रण गेला आहे. विळ्याने कापल्यावर राहतो तसा. आत्या मात्र १९५२ साली व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली होती आणि त्या काळात सातवी पास बाईला मास्तरीण व्हायला बोलावणे येत असे. सही करणाऱ्या बाईने अंगठा का द्यावा, हा प्रश्न कचेरीत कोणाला पडला नाही. अंगठ्याची ही पद्धतही काही परकी नव्हे. बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटावर पंजाचा ठसा घेतला तो आपल्याच देशात, आणि जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग १८९७ साली कलकत्त्यास निघाला. माणसाने सही नाकारली तरी ठसा नाकारता येऊ नये, एवढाच त्या साहेबांचा हेतू होता. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यात मोलाची भर घातली: ठसा खराच असावा, माणूस दुसरा असावा.

एवढे झाल्यावर तीस वर्षे कळ काढावी. योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांचा जुना दस्त खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कृपा कायम ठेवली आहे. लोणच्याप्रमाणे खोटा दस्तही मुरला की चवीला लागतो. फक्त 'धरू शकते' यातल्या 'शकते'कडे दुर्लक्ष करावे. वकील ते फीमध्ये धरतात.

जमिनीची कमाल धारणा ठरवणाऱ्या १९६१ च्या कायद्याच्या धाकाने झालेल्या कागदोपत्री वाटण्या आणि एकाच ताटात जेवणाऱ्या नवरा-बायकोचे कागदावरचे घटस्फोट यांबद्दल येथे विस्ताराने लिहीत नाही. ते गुपित नव्हते, तो तालुक्याचा सामुदायिक कार्यक्रम होता.

आता आपण विचाराल की, दोन ओळखदार, एक कारकून, एक तलाठी, दस्त लिहिणारा, पदर ओढणारी आणि तिला बैलगाडीतून आणणारा, एवढ्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट गुपित कशी? अहो, तालुक्याच्या गावात गुपित म्हणजे कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट नव्हे. सर्वांना ठाऊक असलेली आणि ज्याच्या त्याच्या सोयीने न बोललेली गोष्ट, ती गुपित. गाव साठ वर्षे गप्प राहिले ते आपल्या घराण्याच्या धाकाने, असा समज करून घेऊ नये. ज्या सावकाराने बोलावे त्याच्याही सातबाऱ्यावर एक 'इतर हक्क' होता, आणि मारुतीच्या पारावर बसून ज्या निवृत्त मास्तरांनी तोंड उघडावे त्यांच्याही बहिणीचे नाव एका फेरफाराने कमी झालेले होते. या व्यवस्थेत हेर होणे सोपे आहे, फिर्यादी होणे अवघड आहे. म्हणून आपल्याकडे रहस्य उलगडण्यासाठी कोणी बुद्धिमान माणूस लागत नाही. ज्याला उलगडण्यात चार पैसे मिळतील असा माणूस लागतो, आणि तोपर्यंत सारे जण हळदी-कुंकवाला एकमेकांकडे जात राहतात.

तरीही तीन ठिकाणी सावध राहावे. पहिले म्हणजे शाळा: तेथील जनरल रजिस्टर वाळवीही खात नाही. दुसरे, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे घरोघर येणारे हेळवी. ते घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, नवी नावे लिहून घेतात आणि धान्य-बिदागी घेऊन जातात. ए.कु.मॅ. म्हणजे काय ते त्यांना कळत नाही, त्यामुळे ते सगळ्या भावांची नावे घेतात, तीही ओसरीवर, मोठ्याने. तिसरे ठिकाण सर्वांत घातक, ते म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. आपले गाव आणि आडनाव सांगताच हे गृहस्थ पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोपड्यांतून नेमकी चोपडी काढतात, आणि जो यजमान येऊन जाईल त्याच्याकडून मजकूर व सही घेतात. आत्या १९६६ साली नवऱ्याबरोबर तेथे गेली होती. तिने त्या चोपडीत माहेरची तीन पिढ्यांची नावे लिहिली आणि खाली स्वच्छ, वळणदार सही केली. दोन वर्षांनी जी बाई अंगठेबहाद्दर होणार होती, तिला तीर्थयात्रेला जाऊ देणे हा आपल्या वडिलांचा अक्षम्य निष्काळजीपणा होय.

अलीकडे सरकारनेही गुपितांशी वैर धरले आहे. जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर चढवले जात आहेत, आणि सही असलेला डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. पूर्वी तेवढ्यासाठी तलाठ्याच्या मागे चार आठवडी बाजार फिरावे लागे, आणि त्या फेऱ्यांत निम्म्या वारसांचा उत्साह मावळत असे. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते तेव्हाही जागेवर सापडत नसत.) त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि ठिकठिकाणच्या तहसील कचेऱ्यांतली, शाळांतली आणि कोतवाल बुकांची गाठोडी सुटली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक लग्नाच्या भटजींइतकी मागणी आली. शोध जातीच्या नोंदीचा होता. पण पणजोबांची नोंद शोधायला गेलेल्याला वाटेत पणजोबांचे दुसरे कुटुंबही भेटले असेल, तर त्याला दप्तराचा दोष म्हणता येणार नाही.

हे सारे निभावून नेता येते. निभत नाही तो महामार्ग. गावाबाहेरची जी खडकाळ पट्टी नांगरालाही दाद देत नव्हती, तिच्यातून बाह्यवळण जाणार असे ठरते, आणि राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३ अ खालची अधिसूचना गट क्रमांकासह दोन वर्तमानपत्रांत छापून येते. पैकी एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतले असावे, अशी त्या कायद्याची सक्तीच आहे, हा आपल्यासारख्यांवरचा अन्यायच म्हणायचा. त्या सकाळी ओळखदाराच्या नातवाची स्मृती जागी होते. ज्या बाईने पदर ओढला होता तिच्या सुनेला सासूचा विळ्याचा व्रण आठवतो. हेळव्याला फोन जातो. मोबदला वाटपाची वेळ येते तेव्हा भूसंपादन कार्यालयातला कारकून बहिणींचे संमतीपत्र मागतो, आणि हिश्श्यावरून वाद निघाला तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाईल, हेही हसतमुखाने सांगतो.

अशा वेळी आपण गांगरू नये. एक चांगली पैठणी घ्यावी. येवल्याची नसली तरी चालेल, पण पावती फाडून टाकावी. गाडी करावी, सोबत बायकोला घ्यावे, कारण आत्याच्या पाया पडताना पुतण्याचे गुडघे ऐन वेळी दुखतात. इतकी वर्षे येणे का झाले नाही, याचे कारण म्हणून खत, पाऊस आणि मुलांच्या परीक्षा ही तीनही कारणे क्रमाने सांगावीत. जमिनीचा विषय पहिल्या चहाला काढू नये. दुसऱ्या चहाला, पिशवीतून संमतीपत्र काढता काढता, सहज सुचल्यासारखे म्हणावे, "आत्या, जरा एक सही पाहिजे होती तुझी."

आत्या चष्मा पुसेल, कागद लांब धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल आणि विचारेल, "सही कशाला रे बाळा? तुमच्याकडं माझा अंगठा चालतो ना?"

येथे हसावे, आणि चहा पूर्ण घ्यावा. स्वयंपाकघरात तो गाळणारी मुलगी ही आत्याची नात असून ती तालुका न्यायालयात वकिली करते, आणि गेल्याच आठवड्यात तिने कॅव्हेट, म्हणजे आमचे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल केलेले आहे, हे आपणास बशी खाली ठेवल्यावर सांगण्यात येईल. कॅव्हेटची मुदत नव्वद दिवसांची असते, तोवर कळ काढू असा हिशेब मात्र मनात करू नये, कारण ते पुन्हा दाखल करता येते आणि नात तिशीतली आहे.