फेरूनचा क्लेरिक क्रिनवर उतरला तर?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, त्यामुळे दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो. आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या खेळात, मी डीएम (खेळ चालवणारा) म्हणून फरगॉटन रेल्म्स (त्यातला मुख्य खंड फेरून) आणि ड्रॅगनलान्स (त्यातलं जग क्रिन) ही दोन काल्पनिक जगं जोडली, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं की ही स्वतंत्र, शुद्ध जगं आहेत आणि ती मिसळणं म्हणजे डीएमचा आळस. शिवाय फेरूनच्या एखाद्या क्लेरिकने, म्हणजे देवाकडून मंत्र मिळवणाऱ्या पुजाऱ्याने, क्रिनवर येऊन चार जखमा भरल्या, की ड्रॅगनलान्सची नायिका गोल्डमून हिच्या कथेत काही रामच उरत नाही.

शुद्धतेचं मला काही पटत नाही. एड ग्रीनवुड यांचे रेल्म्स १९८७ मध्ये बॉक्स सेट म्हणून आले, तेव्हापासूनच त्यांना ठिगळं लागत आली आहेत. मूनशे बेटं डग्लस नाइल्स यांची. कारा-तूर १९८५ च्या एका वेगळ्या पुस्तकातून आलं आणि पुढे फेरूनच्या पूर्वेला चिकटवलं गेलं. १९९२ मध्ये अल-कादिम या आणखी एका जगाचं झखारा दक्षिणेला येऊन बसलं. फेरूनमधल्या मुलहोरांद देशात तर ओसायरिस आणि आयसिस यांची पूजा चालते, थेट इजिप्तमधून उचललेली! आणि कर्त्यांचंच म्हणाल, तर ग्रीनवुड यांनीच १९९२ पासून ड्रॅगन मासिकात एलमिन्स्टर, मॉर्डनकायनेन आणि दालामार या तीन जगांच्या तीन जादूगारांना गप्पा मारायला एकत्र बसवलं होतं. खाणंपिणं काय, मंत्रांची देवाणघेवाण काय, मजा होती.

क्लेरिकचा मुद्दा मात्र खरोखर अडचणीचा आहे. महाप्रलयानंतर साडेतीनशे वर्षं क्रिनवर देवांचा पत्ता नाही, जखम भरणारा खरा पुजारी नाही. गोल्डमूनच्या हातून पहिल्यांदा कोणी बरं होतं तेव्हा अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. १९८९ च्या स्पेलजॅमरमध्ये, म्हणजे जादूच्या जहाजातून एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याच्या नियमपुस्तकात, जेफ ग्रब यांनी यावर एक नियम केला होता: ज्या गोलात (जगाभोवतीच्या बंदिस्त अवकाशात) तुमच्या देवाला भक्त नाहीत, तिथे तिसऱ्या पातळीपासून वरचे मंत्र परत मिळत नाहीत. ऐकायला ठीक वाटतं. पण जखमा भरणारा क्युअर लाइट वूंड्स मंत्र पहिल्याच पातळीचा! म्हणजे फेरूनच्या लॅथँडर देवाचा पुजारी क्रिनवरच्या सोलेसच्या चौकात बसून रोज सकाळी रांग लावून गाव बरं करू शकतो. म्हणून आमच्या टेबलावर नियम आणखी कडक आहे. क्लेरिकने घरून जे मंत्र आणले तेवढेच त्याचे. वापरला की संपला, आणि प्रार्थनेला उत्तर नाही. आमच्या क्लेरिककडे सध्या एकच हीलिंग शिल्लक आहे आणि तो कोणावर खर्च करायचा यावरून पार्टीत दोन सेशन्स भांडण चालू आहे. गोल्डमूनचं मोल यात कमी कुठे झालं?

पैशांचंही तसंच. क्रिनवर चलन पोलादाचं. सोन्याला कोणी फारसं विचारत नाही. आमच्या मंडळींनी सोलेसमधल्या ओटिकच्या खानावळीत फेरूनमधल्या वॉटरडीप शहराची सोन्याची नाणी ऐटीत टेबलावर आपटली, तर ओटिकचं लक्ष त्यांच्या कमरेच्या तलवारींकडे. मसालेदार बटाट्यांची एक थाळी येईना त्या सोन्याला. खेळाडू काय कमी बेरकी? लगेच हिशेब सुरू: फेरूनहून जहाजभर तलवारी आणायच्या आणि इथे राजे व्हायचं. आणा की. जहाज चालवायला हेल्मवर, म्हणजे जादूच्या आसनावर, जादूगार बसवावा लागतो आणि जुन्या नियमांत त्याचे त्या दिवसाचे सगळे मंत्र त्यातच जातात. गोलांच्या मधल्या वाटेत भरलेला फ्लॉजिस्टन हा पदार्थ असा ज्वालाग्राही, की ठिणगी पडली तरी स्फोट. पाहू किती खेपा होतात ते.

म्हणजे मी नकाशे शेजारी-शेजारी डकवलेले नाहीत. ज्या भूमीवर पाय ठेवाल तिथले कायदे तुम्हाला लागू, पाहुण्याला सूट नाही. हे जमणार नसेल तर जोडूच नये, आणि म्हणूनच डार्क सन या तिसऱ्या सेटिंगला मी हात लावला नाही. त्यातलं जग अथास, त्याची सगळी गंमत टंचाईत आहे. धातू नाही, पाणी नाही, देव नाहीत. बाहेरून लोखंड आणि पाण्याची पिंपं भरलेलं एक जहाज उतरलं की ते जग संपलं. लॉर्ड सॉथ या शापित सरदाराला क्रिनवरून उचलून रेव्हनलॉफ्ट या भयकथांच्या जगात नेलं, तेही मला कधी रुचलं नाही. त्याचा शाप त्या मातीतला. त्याच्या डार्गार्ड कीप किल्ल्याबाहेर तो निव्वळ चिलखत घातलेला भुताटकीचा सरदार वाटतो. इथे आपलं एकमत व्हावं.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की 'तुमच्या पार्टीतल्या अर्ध-ऑर्कचं काय करणार, क्रिनवर तर ऑर्कच नाहीत'. बरोबर, नाहीत. त्यामुळे त्याला बघून सोलेसकर हॉब्गॉब्लिन, म्हणजे तिथल्याच एका राक्षसी वंशाचा, समजतात. रस्त्यावर सध्या टोईड नावाच्या हॉब्गॉब्लिन सरदाराच्या माणसांचीच गस्त आहे, तेव्हा गेले काही सेशन्स त्याला कोणी अडवत नाही आणि बाकीची पार्टी त्याचे कैदी म्हणून मागोमाग चालते.