दाराचा टब आणि आईची आंघोळ

सुधीरने आईसाठी न्हाणीघरात दाराचा टब बसवावा की नाही, यावर गेल्या रविवारी आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर बराच वेळ वाद झाला. ज्यांच्या घरी वयस्कर आईवडील आहेत, त्या सर्वांना हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे, म्हणून तो लिहून काढत आहे. सुधीरच्या आई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि रक्तदाबाची गोळी सुरू असल्याने उठताना मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते. सुधीरच्या न्यू जर्सीतील भावाने आपल्या सासूबाईंसाठी असा टब बसवला आहे. त्याच्या बाजूला पाणी अडवणारे दार असते. ते उघडून चार-पाच इंचांचा काठ ओलांडायचा, आतल्या खुर्चीइतक्या उंच बैठकीवर बसायचे, दार घट्ट लावायचे आणि मग पाणी सोडायचे. "निम्मे पैसे माझे, आईसाठी तसाच बसव," असा भावाचा आग्रह आहे.

भावाला टब, प्लंबिंग आणि टबातल्या मोटारीसाठी वेगळी वीजजोडणी मिळून १५,००० डॉलरच्या वर खर्च आला, म्हणजे आपले तेरा लाख तरी झाले. तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, मेडिकेअरमधून, अशा टबाचे पैसे सहसा मिळत नाहीत, त्यामुळे ते सगळे त्याच्याच खिशातून गेले. मात्र तिथल्या न्हाणीघरात पाच फुटांचा टब आधीपासून होता. तो काढला आणि त्याच जागी, त्याच निचऱ्यावर नवा बसवला. सुधीरचे न्हाणीघर चार फूट बाय सात फुटांचे आहे आणि तिथे कधीच टब नव्हता. इथल्या विक्रेत्याने त्याला टबाचीच किंमत तीन लाखांच्या घरात सांगितली आहे. तोडफोड, नव्या फरश्या आणि वॉटरप्रूफिंगचे दीड लाख वेगळे.

"साडेचार लाख म्हणजे आईपुढे काय मोठी रक्कम आहे? आपण गाड्यांवर याहून जास्त घालवतो," मकरंद म्हणाला. त्याचा पुढचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. "माझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षे दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून घ्यावी लागली, आणि त्याचे त्यांना दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटायचे. दार लावून एकटीने आंघोळ करता येणे याची किंमत तुम्ही कशी लावणार?" यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

अनिल स्थापत्य अभियंता आहे. त्याने मकरंदचे म्हणणे खोडले नाही, पण खर्चाचा हिशेब टबापाशी थांबत नाही हे दाखवून दिले. अशा टबात साधारण २०० लिटर पाणी लागते. नळाचे पाणी २५ अंशांचे धरले आणि आंघोळीला ३८ अंशांचे हवे असले, तर गीझरमधले ६० अंशांचे जवळजवळ ७५ लिटर पाणी त्यात मिसळावे लागेल. सुधीरकडे २५ लिटरचा, दोन किलोवॉटचा गीझर आहे. तो एकदा तापायला अर्धा तास घेतो, म्हणजे टब भरायला तो तीनदा तापवावा लागणार. विजेची तीन युनिटे हा काही मोठा खर्च नव्हे, पण पाणी थोडे थोडे येत असताना आधीचे निवत जाणार आणि दार पाण्याआधीच लावायचे असल्यामुळे आई तेवढा वेळ आत बसून राहणार. म्हणजे मोठा गीझर आला. शिवाय शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. एका आंघोळीला त्याहून जास्त पाणी लागणार असेल, तर उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत ते रोज आणायचे कुठून?

वजनाचाही प्रश्न आहे. पाणी, टब आणि माणूस मिळून साडेतीनशे किलो भार बारा-तेरा चौरस फुटांवर येतो. स्लॅब तेवढ्याने कोसळेल असे अनिलचे म्हणणे नाही, पण इमारत चाळीस वर्षांची असल्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नये, यावर तो ठाम होता. त्याहून मोठी धास्ती त्याला कोब्याची वाटते. जुना कोबा फोडला आणि नवे वॉटरप्रूफिंग नीट झाले नाही, तर खालच्या घराचे छत ओले होते, आणि न्हाणीघरातून होणाऱ्या अशा गळतीच्या दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या उपविधींप्रमाणे संबंधित सभासदावर येतो.

वादाची दिशा बदलली ती वैशालीमुळे. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने सुधीरला थेट विचारले, "काकूंना नेमके अवघड काय जाते, ते तू कधी उभे राहून पाहिले आहेस का?" सुधीरने ते पाहिले होते. आई न्हाणीघराच्या दारातला उंबरा भिंतीला धरून ओलांडतात, बुटक्या स्टुलावर बसतात, बादलीतून तांब्याने पाणी घेतात आणि उठताना नळाचा आधार घेतात. वैशाली म्हणाली की यातला टबाने सुटणारा भाग फार थोडा आहे, कारण उंबरा आणि ओली फरशी तशीच राहणार. टबात तर पाणी पूर्ण ओसरेपर्यंत दार उघडता येत नाही; डिसेंबरच्या सकाळी तेवढा वेळ ओल्या अंगाने बसायचे, आणि गरम पाण्यात बसल्यावर रक्तदाब उतरतो, तेव्हा अंधारी येणाऱ्या माणसाने नेमके त्याच क्षणी उठायचे. आत घेरी आलीच, तर बाहेरच्या माणसाला ते दार चटकन उघडता येणार नाही.

मला वैशालीचे म्हणणे पटले. मकरंद म्हणतो तो एकटीने आंघोळ करण्याचा मान खरा आहे आणि त्यासाठी पैसे जरूर घालवावेत, पण तो मान उंच बैठकीची, रबरी पायांची आंघोळीची खुर्ची, हातात धरायचा शॉवर, उंबऱ्याजागी उतार, न घसरणारी फरशी, बाहेर उघडणारे दार आणि भिंतीतले स्टीलचे दांडे यांनीही राखता येतो. कोबा न फोडता हे सगळे टबाच्या खर्चाच्या एका छोट्या हिश्श्यात होते. सांधेदुखीसाठी कोमट पाण्यात बसून राहण्याने ज्यांना खरोखर आराम पडतो आणि ज्यांच्याकडे जागा व पाणी दोन्ही आहे, त्यांचा हिशेब वेगळा लागेल, हे मी मान्य करतो.

भावाचे पैसे नाकारायचे नाहीत, असे सुधीरने ठरवले आहे. त्यातून आधी दांडे आणि खुर्ची येईल, उरलेल्या पैशांतून आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी सुरू होईल. वैशालीने त्याला एवढेच बजावले आहे की भिंतीच्या फरशीला रबरी चकत्यांनी नुसते चिकटणारे दांडे आणायचे नाहीत, कारण ते भार पडला की निसटतात. अनिल शनिवारी जाऊन भिंतीतल्या पाइपांची जागा खडूने आखून देणार आहे, म्हणजे ड्रिल चुकून पाइपात जाणार नाही, आणि दांड्यांची उंची आईंना प्रत्यक्ष खुर्चीवर बसवून, त्यांचा हात जिथे आपोआप जातो तिथेच धरायची आहे.