खुलासा : 'होणारे डॉक्टरही मनोरुग्णांना घाबरतात' या मेसेजबद्दल

नाशिकच्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'मेडिकलची मुलंसुद्धा मनोरुग्णांना घाबरतात. म्हणजे हे लोक धोकादायकच. त्यांना कायमचं ठाण्याला नाहीतर येरवड्याला ठेवा.' (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयांत.) यातलं पहिलं वाक्य माझ्या जुन्या पोस्टवरून उचललंय. 'म्हणजे'पासून पुढचं माझं नाही.

मी इंटर्न आहे. मानसोपचार वॉर्डात पहिल्या दिवशी मी दाराजवळची खुर्ची धरून बसले होते, हे खरं. पण पोस्ट तिथे संपत नव्हती. स्किझोफ्रेनिया असलेल्या एका काकांच्या हातातला कप थरथरत होता. मी बिचकले. सरांनी सांगितलं, काही औषधांनी असा कंप येतो. काका म्हणाले, "बस बेटा, चहा घे." भीती माझ्या अज्ञानातून आली होती, त्यांच्या वागण्यातून नाही.

गंभीर मानसिक आजार असलेले बहुतेक लोक हिंसक नसतात; उलट मारहाण, फसवणूक त्यांच्याच वाट्याला जास्त येते. विद्यार्थ्यांचा पूर्वग्रहही नुसत्या लेक्चरपेक्षा रुग्णांशी प्रत्यक्ष बोलल्यावर कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आणि 'कायमचं ठेवा' म्हणणाऱ्यांसाठी : 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या लोकांना समाजात राहण्याचा हक्क दिलाय.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. घरात कुणाला गरज असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. पोस्ट कापणाऱ्यावर राग नाही. ती लांबलीच होती जरा.