मालकाकडून उत्तर: ऐरोलीच्या गॅलरी ग्रिलबद्दल

मॅडम नमस्कार, रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. ग्रिल 5 दिवस उशिरा पोचलं ही चूक आमचीच, त्याबद्दल सॉरी. त्यात काही वाद नाही.

पण "पाइपला भोकं पाडून खराब माल दिला आणि वरून कलर मारून लपवला" हे जे लिहिलंय ते लागलं हो मनाला. भोकं आम्हीच पाडलीत, ड्रिलने, प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना, आणि पाडली नसती तर तुमचं ग्रिल झालंच नसतं. तुम्ही अगदी खाडीसमोर राहता म्हणून मीच म्हटलं होतं की नुसती पावडर कोटिंग, म्हणजे पावडर मारून भट्टीत भाजलेला कलर, नको, आधी हॉट डिप करू, मग वर पावडर मारू. हॉट डिप म्हणजे अख्खं ग्रिल वितळलेल्या जस्तात बुडवायचं, 450 डिग्रीच्या आसपास. त्याच्या आधी ॲसिडमध्ये धुतात. आता पाइप दोन्हीकडून बंद असला आणि वेल्डिंगच्या बारीक फटीतून आत जरासं पाणी शिरलेलं असलं तर जस्तात गेल्या गेल्या त्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या 1600 पट जागा लागते, पाइप फुटतो आणि गरम जस्त समोर उभ्या असलेल्या पोरांच्या अंगावर उडतं. बिनभोकांचा पाइप डिपिंगवाले जस्ताच्या टाकीजवळ येऊच देत नाहीत.

आणि त्याच भोकांतून जस्त पाइपच्या आत पण जातं मॅडम, खरा फायदा तो आहे. आपल्याकडे खिडकीचं ग्रिल बाहेरून चकाचक दिसतं आणि एक दिवस हात लावला की पाइप पापडासारखा मोडतो, का, तर तो आतून सडलेला असतो, आत कलर कोण मारणार? तुमचा पाइप आतून बाहेरून दोन्हीकडून जस्ताचा आहे. जस्ताच्या थराची जाडी गेजने मोजली, रीडिंग 68 मायक्रॉन आलं होतं, त्याचा फोटो डिलिव्हरीच्या दिवशीच पाठवलाय, बघा सापडला तर. "पैसे गॅल्वनायझिंगचे घेतले आणि माल पावडरचा दिला" असं पण लिहिलंय तुम्ही, गॅल्वनायझिंग म्हणजे हेच हॉट डिप, तर पावडर खरवडून खाली बघा, राखाडी जस्तच दिसेल.

राहिला 8 महिन्यांत आलेला गंज. आमचा मुलगा येऊन बघून गेला, फोटो माझ्याकडे आहेत. गंज एकाच कोपऱ्यात आहे, जिथे एसीवाल्याने आउटडोअर युनिटचा अँगल ग्रिलला वेल्ड केलाय. वेल्डिंगच्या जागी झिंक म्हणजे जस्त जळून जातं, उरतं उघडं लोखंड, त्यात ही खाडीची हवा. जस्ताचा गुण असा की जरा ओरखडा आला तर ते स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला सांभाळतं, पण सांभाळायला तिथे जस्त शिल्लक तर पाहिजे. आणि खालच्या पट्टीवर जे तपकिरी ठिपके आहेत ते ग्राइंडरच्या ठिणग्यांचा चुरा चिकटून गंजलाय, खालचा पाइप ठीक आहे. ग्रिल कापायचं किंवा वेल्ड करायचं असेल तर आधी आम्हाला फोन करा, हे मी चलनाच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं. एसीवाल्याला एक स्टार दिला का हो तुम्ही? असो, रागावू नका.

भोकांचं आधी नीट समजावून सांगायला हवं होतं हे मान्य. त्यातलं एक अगदी हॉलच्या दरवाज्यासमोर येतं, प्लास्टिकची टोपी लावायची ती पण राहून गेली. आमच्यासाठी भोक म्हणजे रोजचंच काम, तुम्हाला ते घरात बसून रोज दिसतं हे डोक्यात आलं नाही. यापुढे सगळ्यांना आधी सांगू, तारखेचं पण बघतो, डिपिंग बाहेरून होतं त्यामुळे गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं आणि डिप केलेला माल पावडरच्या आधी एकदा ओव्हनमध्ये तापवावा लागतो, नाहीतर कलरला बुडबुडे येतात, त्यात दिवस जातात.

वडिलांच्या वेळेपासून रबाळ्यात आहोत, गाळा भाड्याचा आहे, 6 माणसं कामाला आहेत, आणि हल्ली नवीन गिऱ्हाईक आधी स्टार बघून मगच फोन करतं म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तो गंजलेला कोपरा घासून झिंकवाला पेंट मारून देतो, टोप्या पण लावून देतो, पैसे नकोत. शनिवारी मुलाला पाठवू का? मी दोनदा फोन केला होता, तुम्ही उचलला नाही.