क्लिनिकला तीन मुले आणि ग्रंथालयात बसायला जागा नाही

सकाळी साडेनऊचे क्लिनिक होते, म्हणजे रुग्णाच्या खाटेपाशी घ्यायचा वर्ग. यादीत एमबीबीएसच्या फायनल इयरच्या तुकडीची वीस नावे होती आणि खाटेभोवती तीन मुले उभी होती; बाकीची ग्रंथालयात परीक्षेची तयारी करत बसलेली. हे आता रोजचे झाले आहे आणि रोज माझे डोके फिरते.

खाटेवरच्या मावशींना लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आणि त्यात हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली. मुलांनी तपासले तर चालेल का, असे मी त्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवले होते. त्या सकाळी लवकर उठून, वेणीफणी करून तयार बसल्या होत्या. "डॉक्टर, पोरं अजून आली नाहीत का?" असे त्यांनीच विचारले, तेव्हा मला शरमेने उत्तर सुचेना.

आलेल्या तिघांपैकी एकाला मी मर्मर, म्हणजे अरुंद झडपेतून रक्त जाताना होणारा आवाज, ऐकायला सांगितले. ओपनिंग स्नॅप, मिड-डायस्टॉलिक, रंबलिंग, त्या आवाजाचे पुस्तकी वर्णन सगळे त्याला तोंडपाठ होते. पण मावशी उताण्या असतानाच त्याने स्टेथोस्कोपची डायफ्रॅमची, म्हणजे सपाट पडद्याची, बाजू छातीवर दाबली आणि काहीच ऐकू येत नाही म्हणाला. कसे येईल? तो आवाज खर्जातला असतो. तो ऐकायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे लागते, श्वास सोडून क्षणभर रोखायला सांगावे लागते आणि स्टेथोस्कोपची दुसरी, वाटीसारखी बाजू, म्हणजे बेल, अगदी हलकी टेकवावी लागते. हे सारे त्याने व्हिडिओत पाहिले होते, तेही दुप्पट वेगाने.

मुले ज्यांवर अभ्यास करतात त्या अॅपवर माझा राग नाही. फ्लॅशकार्डे आणि ठरावीक अंतराने केलेली उजळणी यांचा उपयोग मी स्वतः अनुभवला आहे. राग याचा आहे, की नीट पीजीत, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत, साडेतीन तासांत 200 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, बरोबर उत्तराला 4 गुण मिळवायचे, चुकीला 1 गमवायचा आणि या सगळ्यात एकाही रुग्णाला हात लावायचा नाही, अशी व्यवस्था आपणच उभी केली. मग मुलगा वॉर्डात कशाला येईल? इंटर्नशिपचे वर्ष तरी शिकण्याचे असावे, तर त्यात आपण त्याला रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोहोचवायला आणि रिपोर्ट आणायला पळवतो, आणि उरलेल्या वेळात तो बहुपर्यायी प्रश्न सोडवतो म्हणून वर त्यालाच बोल लावतो.

त्यात लॉगबुकांचा, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवह्यांचा, खोटेपणा तर असह्य आहे. 2019 च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, प्रत्येक कौशल्य विद्यार्थ्याने प्रत्यक्ष करून दाखवावे आणि शिक्षकाने ते पाहून सही करावी असे ठरले, आणि प्रत्यक्षात वॉर्डातली पोस्टिंग संपण्याच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर वीस लॉगबुके येऊन पडतात, एकाच बैठकीत, एकाच पेनाने, मागच्या तारखा घालून भरलेली. ज्या तारखेला मी रजेवर होतो, त्या तारखेलाही माझ्यासमोर नाडी तपासल्याची नोंद त्यांत सापडते. सही नाकारली की वरून निरोप येतो, मुलांचे नुकसान करू नका. प्रात्यक्षिकांना 80 टक्के उपस्थितीची अट आहे, आणि तीही अशीच कागदावर पूर्ण होते.

मावशी शुक्रवारी घरी गेल्या. त्यांचा मर्मर वीसपैकी तिघांनी ऐकला, आणि त्या तिघांनाही तो कुशीवर वळवल्यावरच ऐकू आला.